दीर्घिकांच्या बीजाचा हिशेब

जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ आणि ‘आयसर’ या संस्थांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह मीन राशीच्या दिशेला सापडलेला दीर्घिकांचा एक महागुच्छ जाहीर केला आणि त्याला ‘सरस्वती’ असे नाव दिले. तो आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा पसारा जवळजवळ ६० कोटी प्रकाशवर्षांचा असून त्यात दीर्घिकांचे गुच्छच्या गुच्छ एका लांबलचक भिंतीत गोवले गेले आहेत. आता याच विश्वाचे कोवळे रूप पाहा. महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी प्रकाश पदार्थाच्या तावडीतून सुटला. तो आज सूक्ष्मलहरींच्या रूपात चहूबाजूंनी येतो आणि कोणत्याही दिशेला मोजला तरी त्याचे तापमान २.७ केल्व्हिनच भरते. दिशादिशांतला फरक लाखात एखाद्या भागाचा. इतक्या सपाट विश्वातून सरस्वतीएवढी रचना उभी कशी राहिली, याचे उत्तर पाठ्यपुस्तके आज एका अदिश क्षेत्राच्या खात्यावर जमा करतात. त्या उत्तराचा इतिहासही सरळ रेषेत सांगितला जातो: १९७९ मध्ये अ‍ॅलन गुथ यांना विश्वाच्या स्फीतीची कल्पना सुचली, त्या कल्पनेतून दीर्घिकांची बीजे निघाली, उपग्रहांनी ती पाहिली आणि विषय मिटला. कागदपत्रांचा क्रम लावून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. अदिश क्षेत्र विश्वरचनाशास्त्रात आले ते भलत्याच कामासाठी. टिकले ते दीर्घिकांच्या बीजांचा हिशेब लावून दिला म्हणून. आणि ज्या विशिष्ट क्षेत्रावर हा सिद्धांत प्रथम उभारला गेला, त्याला याच हिशेबाने १९८२ च्या उन्हाळ्यात बाहेरची वाट दाखवली. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर निरीक्षणांनी नेमके काय सिद्ध केले आहे आणि काय नाही, याचा घोळ होतो.

प्रश्न तसा जुना. रिचर्ड बेंटली या धर्मोपदेशकाला १६९२ मध्ये लिहिलेल्या पत्रात न्यूटनने म्हटले होते की अमर्याद अवकाशात पदार्थ सारखा पसरलेला असेल, तर तो ठिकठिकाणी गोळा होऊन एकमेकांपासून दूर दूर असे असंख्य पिंड बनतील. किती मोठा वायूचा ढग स्वतःच्या भाराने कोसळेल, याचे गणित १९०२ मध्ये जेम्स जीन्सने मांडले. स्थिर ढगात ही वाढ चक्रवाढीने होते, त्यामुळे सुरुवात कितीही क्षुल्लक असली तरी भागते. विश्व प्रसरण पावत आहे हे कळल्यावर मात्र ही सोय संपली. १९४६ मध्ये एव्हगेनी लिफ्शिट्झ या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांतून दाखवले की प्रसरणाऱ्या विश्वात गाठोळी जमण्याची क्रिया फार संथ असते. पदार्थाचे राज्य असताना विश्व दुप्पट पसरले की घनतेतला फरकही जेमतेम दुप्पट होतो, चक्रवाढ नाही. आजच्या आकड्यांत बोलायचे तर प्रकाश सुटल्यापासून विश्व सुमारे ११०० पट पसरले आहे, म्हणून त्या वेळचा फरक आजवर फार तर हजारपट वाढू शकतो. आणि निव्वळ योगायोगाने होणारे चढउतार किती असतात? आपल्या आकाशगंगेएवढ्या दीर्घिकेत एकावर अडुसष्ट शून्ये इतके अणू धरले, तर त्यांच्या संख्येत आपोआप पडणारा फरक एकावर चौतीस शून्ये इतक्या भागांतला एक भाग येतो. त्याला हजाराने गुणून काहीच हाती लागत नाही. दूध कितीही वेळ ठेवले म्हणून त्याचे चांगले दही होत नाही, विरजण घालावेच लागते; लिफ्शिट्झचा निष्कर्ष या जातीचा होता. हे विरजण कुठून आणायचे, हे त्याच्या गणितात नव्हते, म्हणून गुरुत्वीय अस्थैर्यातून दीर्घिका होणार नाहीत असेच त्याने ठरवून टाकले.

अदिश क्षेत्र या कथेत कधी आले? हवामानखात्याच्या नकाशावर प्रत्येक गावापुढे तापमानाचा एक आकडा असतो, वाऱ्याला मात्र आकड्याबरोबर दिशाही द्यावी लागते. ज्याला दिशा नाही, प्रत्येक ठिकाणी नुसता आकडा आहे, ते अदिश क्षेत्र. असे क्षेत्र सगळीकडे सारख्या मूल्याने भरून राहिले तर कोणत्याही दिशेला झुकते माप मिळत नाही, म्हणून सर्व दिशांना सारख्या असणाऱ्या विश्वाला ते मानवते. विश्वाच्या प्रसरणाला जुंपलेले पहिले गाजलेले अदिश क्षेत्र गुथ यांचे नव्हते. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी विश्व सदैव सारखेच राहते असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांतासाठी जे ‘सी-क्षेत्र’ वापरले ते अदिशच होते. पदार्थ सतत निर्माण व्हावा आणि ऊर्जेचा जमाखर्चही जुळावा, म्हणून या क्षेत्राला ऋण ऊर्जा दिलेली होती. त्यातून येणाऱ्या ऋण दाबामुळे अवकाश चक्रवाढीने पसरत राहते. १९६३ च्या त्यांच्या निबंधात असेही दाखवले आहे की असे विश्व सुरुवातीला वेडेवाकडे असले तरी प्रसरणाच्या ओघात सपाट आणि एकसारखे होते. १९६६ मध्ये तर दोघांनी सी-क्षेत्राचा जोर जिथे ओसरला आहे अशा, बुडबुड्यासारख्या भागांची कल्पना केली आणि आपण त्यातल्याच एकात राहतो असे सुचवले. पंधरा वर्षांनी आलेल्या स्फीतीशी हे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. मग शोधाचे श्रेय नारळीकरांना का देऊ नये? मराठी वाचकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, पण उत्तर सरळ आहे. सी-क्षेत्र विश्वाला सपाट करत होते, बीजे पेरत नव्हते. क्षेत्रातल्या क्वांटम चढउतारांतून घनतेचे फरक किती निघतील, ते कोणत्या लांबीवर किती असतील, हे गणित तिथे नाही. विश्व गुळगुळीत करणे हे अर्धे काम झाले. ते नेमके किती ओबडधोबड ठेवायचे, हे उरलेले अर्धे काम जास्त कठीण निघाले.

त्या उरलेल्या अर्ध्या कामाची सुरुवात अदिश क्षेत्राला बाजूला ठेवूनच झाली. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी वर सांगितलेले सूक्ष्मलहरींचे पार्श्वभूमी प्रारण जाहीर केले, स्थिर स्थिती सिद्धांत अडचणीत आला आणि दीर्घिकांची बीजे त्या प्रारणात दिसायला हवीत हे सर्वांना कळले. १९६७ मध्ये सॅक्स आणि वोल्फ यांनी गुरुत्वामुळे त्याच्या तापमानात किती फरक पडेल ते काढले. १९७० मध्ये अमेरिकेत पीबल्स आणि यू यांनी, तर मॉस्कोत सुन्याएव्ह आणि झेलदोविच यांनी त्या काळच्या तापलेल्या वायूतले ध्वनितरंग गणितात आणले. बीजांचा नमुनाही अंदाजाने ठरला. लहान लांबीवरचे चढउतार फार मोठे असते तर कृष्णविवरांचा सडा पडला असता, मोठ्या लांबीवरचे फार मोठे असते तर आकाशाच्या दोन दिशांत ढळढळीत फरक दिसला असता. म्हणून प्रत्येक लांबीवर बीजांचे माप सारखेच असावे, हे एडवर्ड हॅरिसनने १९७० मध्ये आणि झेलदोविचने १९७२ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. झेलदोविचचा आकडा दहा हजारात एक भाग असा होता. बीजांचे मूळ क्वांटम चढउतारांत शोधावे असे आंद्रे साखारोव्ह यांनी त्याआधीच, १९६५ मध्ये, सुचवून पाहिले होते. पण यंत्रणा कोणाकडेच नव्हती. नमुना होता, मालक नव्हता. सत्तरच्या दशकात प्रारणाची मोजमापे जसजशी बारीक होत गेली आणि फरक काही सापडेना, तसतशी साध्या पदार्थाच्या विश्वाची गोची होत गेली. लाखात एक फरकाला हजाराने गुणले तर शेकड्यात एक एवढाच उठाव मिळतो, त्यातून दीर्घिका होत नाही. सुटका केली ती प्रकाशाशी देणेघेणे नसलेल्या आणि म्हणून आधीपासून गोळा होऊ लागलेल्या कृष्णद्रव्याने. पीबल्स यांचा १९८२ चा निबंध आणि ब्लूमेंथल, फेबर, प्रायमॅक व रीस यांचा १९८४ चा निबंध हे या वाटेवरचे मुख्य टप्पे.

कणभौतिकीच्या दुनियेत तेव्हा अदिश क्षेत्रांना वेगळेच महत्त्व आले होते. हिग्स आणि त्यांच्या समकालीनांनी १९६४ मध्ये कणांना वस्तुमान देणारे क्षेत्र कल्पिले. तापलेल्या विश्वात असे क्षेत्र वेगळ्या अवस्थेत असेल आणि विश्व थंड होताना पाण्याचा बर्फ व्हावा तसे त्याचे स्थित्यंतर होईल, हे १९७२ पासून किर्झनित्स आणि आंद्रे लिंडे यांनी दाखवले. डिसेंबर १९७९ मध्ये गुथ स्टॅनफर्डच्या वेगवर्धक केंद्रात होते आणि त्यांना छळणारा प्रश्न दीर्घिकांचा नव्हताच. महाएकीकरणाच्या, म्हणजे गुरुत्व सोडून बाकीची बले मुळात एकच मानणाऱ्या, सिद्धांतांनुसार या स्थित्यंतरात एकध्रुवी चुंबकांचा इतका भडिमार व्हायला हवा होता की विश्व त्याखाली दबून गेले असते, आणि प्रत्यक्षात असा एकही कण सापडलेला नव्हता. स्थित्यंतर रेंगाळले, क्षेत्र चुकीच्या अवस्थेत अडकून राहिले, तर त्याची ऊर्जा पसरूनही विरळ होत नाही. दाब ऋण होतो आणि विश्व क्षणार्धात एकावर पंचवीस-सव्वीस शून्ये इतके पट फुगते. एकध्रुवी कण विरळ होऊन नाहीसे होतात. विश्व सपाट का आणि सगळीकडे सारखे का, याही प्रश्नांची उत्तरे सोबत मिळतात. जपानमध्ये कात्सुहिको सातो त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते. गुथ यांचा निबंध जानेवारी १९८१ मध्ये छापून आला. तो आज वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. दीर्घिकांच्या बीजांचे उत्तर त्यात नाही. उलट स्थित्यंतर बुडबुड्याबुडबुड्यांनी संपते, बुडबुडे नीट मिसळत नाहीत आणि त्यातून न परवडणारी विषमता तयार होते, हा दोष लेखकाने स्वतःच नोंदवला आहे आणि यातून वाट काढावी असे इतरांना सुचवले आहे. रचनेचा प्रश्न या सिद्धांताच्या जमेच्या बाजूला नव्हता, त्याच्या कर्जाच्या बाजूला होता.

लिंडे यांनी मॉस्कोत आणि अल्ब्रेख्ट व स्टाईनहार्ट यांनी पेनसिल्व्हेनियात १९८२ च्या सुरुवातीला ती वाट काढली. क्षेत्राने अडकून राहून एकदम उडी मारण्याऐवजी जवळजवळ सपाट उतारावरून सावकाश घसरावे, म्हणजे आपले सगळे दृश्य विश्व एकाच भागात मावते आणि बुडबुड्यांची कटकट उरत नाही. पण बीजांचे काय? इथे इतिहासाचा धागा पुन्हा मॉस्कोकडे वळतो. अलेक्सी स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्येच एक वेगळे प्रतिमान मांडले होते. त्यात हिग्सच्या जातीचे क्षेत्र नव्हते, गुरुत्वाच्या समीकरणांत क्वांटम दुरुस्त्या घालून त्यांनी चक्रवाढीचे प्रसरण मिळवले होते. १९८१ मध्ये लेबेदेव्ह संस्थेतल्या व्याचेस्लाव मुखानोव्ह आणि गेन्नादी चिबिसोव्ह यांनी या विश्वातले क्वांटम चढउतार काढले आणि त्यांतून दीर्घिकांची बीजे निघू शकतात असे छापले. शिवाय हा नमुना तंतोतंत सारख्या मापाचा नसून लांबीबरोबर किंचित, लॉगॅरिथमाच्या संथ चालीने बदलतो, हेही त्यांच्या सूत्रात होते. हॅरिसन आणि झेलदोविच यांच्या अंदाजापेक्षा ही वेगळी गोष्ट होती. शीतयुद्धाच्या दिवसांत या कामाकडे पश्चिमेत पुरेसे लक्ष गेले नाही. श्रेयाचा वाद पुढे बराच काळ चालला. तारखा पाहता पहिला मान मॉस्कोचा, यात मला तरी शंका वाटत नाही.

आता केंब्रिज. स्टीफन हॉकिंग आणि गॅरी गिबन्स यांनी नफिल्ड प्रतिष्ठानच्या मदतीने २१ जून ते ९ जुलै १९८२ या काळात अतिप्रारंभीच्या विश्वावर एक कार्यशाळा भरवली. तिथे जमलेल्यांपुढे गणित एकच होते. क्षेत्र घसरत असताना त्यात क्वांटम थरथर असते, प्रसरण ही थरथर ताणून विश्वाएवढी मोठी करते, आणि त्यामुळे एखाद्या ठिकाणी क्षेत्र उतारावरून किंचित आधी खाली पोहोचते तर शेजारी किंचित उशिरा. जिथे उशीर झाला तिथली स्फीती जरा लांबते, पुढचे विरळ होणे तितके उशिरा सुरू होते आणि घनता कणभर जास्त राहते. या कालांतरातूनच बीज तयार होते. क्षेत्र जितके सावकाश घसरेल तितका हा फरक मोठा. संकल्पना अशी सुटसुटीत असली तरी आकडा काढणे जिकिरीचे होते. व्यापक सापेक्षतेत घनता कोणत्या क्षणी मोजायची यावरच उत्तर बदलू शकते, आणि खरा चढउतार कोणता व मोजपट्टीचा भास कोणता हे वेगळे करण्याची रीत जेम्स बार्डीन यांनी नुकतीच, १९८० मध्ये, घालून दिली होती. हॉकिंग आधीच एक निबंध घेऊन आले होते आणि त्यातला आकडा हवा तेवढा, दहा हजारात एक, असा गोड होता. स्टारोबिन्स्की मॉस्कोहून आले. गुथ यांनी सो-यंग पी यांच्याबरोबर, तर बार्डीन, स्टाईनहार्ट आणि मायकेल टर्नर यांनी मिळून स्वतंत्र वाटांनी हिशेब चालवला. सुरुवातीला उत्तरे जुळत नव्हती. तीन आठवड्यांच्या वादावादीनंतर सगळे एकाच ठिकाणी पोहोचले, हॉकिंगही. नमुना झकास होता: जवळजवळ प्रत्येक लांबीवर सारखे माप. आकडा मात्र भयंकर. ज्या महाएकीकरणाच्या क्षेत्रावर नवी स्फीती उभी होती, त्यातून घनतेचा फरक दहा हजारात एक येण्याऐवजी सरासरीच्या सुमारे ५० पट येत होता. असे विश्व दीर्घिका होण्याआधीच कृष्णविवरांत गडप झाले असते.

या निकालाचा अर्थ बहुतेक वर्णनांत घाईने सांगितला जातो. माझ्या मते या विषयाचा कणा तिथेच आहे. नफिल्ड कार्यशाळेने स्फीतीला रचनेचा सिद्धांत मिळवून दिला आणि त्याच बैठकीत तिचा भौतिकीतला आधार काढून घेतला. एकध्रुवी कणांसाठी ज्या क्षेत्राला बोलावले होते ते बीजांच्या परीक्षेत नापास झाले. परीक्षेत पास व्हायचे तर क्षेत्राची स्वतःशी असलेली आंतरक्रिया एक लाख कोटी भागांतल्या एखाद्या भागाइतकी क्षीण हवी होती, आणि असे क्षेत्र कणभौतिकीच्या कोणत्याही तत्कालीन सिद्धांताला ठाऊक नव्हते. तेव्हा शास्त्रज्ञांनी काय केले? सिद्धांत सोडला नाही, क्षेत्र सोडले. त्या जागी ‘इन्फ्लेटॉन’ नावाचे, नेमून दिलेले काम करण्यापुरते कल्पिलेले क्षेत्र आले. लिंडे यांच्या १९८३ च्या प्रतिमानात तर स्थित्यंतराचीही गरज उरली नाही. मूळ प्रश्नाशी, म्हणजे महाएकीकरणाच्या स्थित्यंतराशी, असलेली नाळ तुटली तरी सिद्धांत जगला, कारण हॅरिसन आणि झेलदोविच यांच्या निनावी नमुन्याला त्याने पहिल्यांदा कारण दिले होते. जन्म देणारे कारण गेले आणि पोसणारे कारण राहिले, असे विज्ञानात क्वचितच इतक्या उघडपणे घडते.

यावर पहिला आक्षेप असा: नमुना आधीच माहीत होता, तर त्याचे कारण सांगण्यात मोठेपणा कसला? निकाल पाहून प्रश्नपत्रिका काढण्यासारखेच ते नाही का? आक्षेप बिनतोड नाही, पण त्यात तथ्य आहे. २३ एप्रिल १९९२ रोजी कोबे उपग्रहाच्या चमूने आकाशातले फरक जाहीर केले. माप लाखात एक, नमुना सर्व लांबींवर साधारण सारखा. वर्तमानपत्रांनी त्यात स्फीतीचा विजय पाहिला, पण कोबेची नजर इतकी जाड होती की हा विजय हॅरिसन आणि झेलदोविच यांनाही तितकाच मिळायला हवा होता. वैश्विक तंतूंचा प्रतिस्पर्धी सिद्धांतही त्या दिवशी हरला नव्हता. मद्रासमध्ये जन्मलेले टॉम किबल यांनी १९७६ मध्ये दाखवले होते की अदिश क्षेत्राच्या स्थित्यंतरात ऊर्जेचे बारीक, लांबलचक तंतू अडकून राहू शकतात, आणि असे तंतू आसपासचा पदार्थ खेचून बीजांचे काम करू शकतील अशी आशा झेलदोविच आणि व्हिलेंकिन यांना वाटत होती. म्हणजे वाद अदिश क्षेत्र की आणखी काही असा नव्हताच. तो एकाच जातीच्या क्षेत्राच्या दोन वागणुकींमधला होता, आणि त्याचा निवाडा कोबेनंतर झाला. अंटार्क्टिकावर फुग्यातून सोडलेल्या बूमरँग दुर्बिणीने एप्रिल २००० मध्ये सुमारे एक अंश रुंदीच्या डागांचे ठसठशीत शिखर दाखवले. बीजे सगळीकडे एकाच वेळी पेरली गेली असतील तरच ध्वनितरंग असे ताल धरतात. तंतू वेळोवेळी बीजे टाकत राहतात, त्यामुळे त्यांचा ताल विस्कटतो.

त्याहून मोलाचा पुरावा २००३ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाने दिला आणि सामान्य वाचकापर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही. प्रकाश सुटला तेव्हा आकाशात एक-दोन अंशांहून जास्त अंतरावर असलेले भाग एकमेकांच्या संपर्कात आलेले नव्हते. साध्या महास्फोटात प्रकाशालाही तेवढे अंतर कापायला वेळ मिळालेला नव्हता. तरीही त्या अंतरांवर तापमान आणि ध्रुवीकरण यांच्यात ठरावीक उलटा संबंध सापडला. प्रकाश सुटण्याआधी नुकतीच कुठे खळबळ होऊन बीजे पडली असती तर हा संबंध दिसलाच नसता. बीजे त्याहून फार आधी आणि त्या वेळच्या संपर्काच्या मर्यादेपलीकडे ताणली गेली होती, एवढे यातून पक्के होते. मग प्लँक उपग्रह आला. त्याच्या २०१८ च्या निकालात नमुन्याचा निर्देशांक ०.९६५ भरला, अनिश्चितता सुमारे ०.००४ ची. तंतोतंत सारख्या मापाला हा आकडा १ हवा. तो १ नाही, आणि किती कमी आहे तेही आता ठाऊक आहे. हॅरिसन आणि झेलदोविच यांचा अंदाज इथे मागे पडतो, आणि मुखानोव्ह व चिबिसोव्ह यांच्या १९८१ च्या सूत्रातला किंचित कल पुढे येतो. पहिल्या आक्षेपाला माझे उत्तर हे आहे. निकाल आधी ठाऊक होता हे अर्धेच खरे. हा बारकावा मोजमाप होण्याच्या तीस वर्षे आधी कागदावर होता.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो घेणाऱ्यांत १९८२ च्या त्या बैठकीतले एक नाव आहे. पॉल स्टाईनहार्ट यांनी अ‍ॅना इयास आणि एव्ही लोब यांच्यासह २०१७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले की क्षेत्राचा उतार हवा तसा वळवता येत असेल, तर स्फीती काहीही सांगू शकते आणि म्हणून ती काहीच सांगत नाही. त्यांना उत्तर देणाऱ्या पत्रावर ३३ शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या, त्यात गुथ आणि लिंडे होतेच. सह्या मोजून विज्ञानात निर्णय होत नाही. आक्षेपाची बाजू आकड्यांतही दिसते: २०१३ मध्ये मार्टिन, रिंजेव्हाल आणि व्हेनिन यांनी एका क्षेत्राच्या स्फीतीची ७४ प्रतिमाने एका खंडप्राय निबंधात तपासली. चौऱ्याहत्तर उतार उपलब्ध असतील तर एखादा जुळणारच, असे कोणी म्हटले तर ते उडवून लावता येणार नाही. तरीही आक्षेप जितका वाटतो तितका लांब पोहोचत नाही. जवळजवळ सारखे पण किंचित कललेले माप, एकाच वेळी पडलेली बीजे, निव्वळ यदृच्छेची वाटणी, संपर्काबाहेरचा सुसंबंध, या गोष्टी साध्या, एकाच क्षेत्राच्या स्फीतीत उताराचा आकार कोणताही घेतला तरी येतात. उतारावर अवलंबून आहेत ते त्यांचे नेमके आकडे. आणि उताराचे स्वातंत्र्य असूनही कित्येक प्रतिमाने मेली आहेत, लिंडे यांची सर्वांत साधी प्रतिमाने त्यात धरून. जो सिद्धांत काहीही सांगू शकतो त्याची पिल्ले अशी मरत नाहीत.

पण स्टाईनहार्ट यांच्या आक्षेपात एक गाभा उरतोच, आणि तो नारळीकरांच्या आक्षेपाला जाऊन मिळतो. प्रयोगशाळेत कधीही न तपासलेल्या ऊर्जेच्या भौतिकीवर विश्वाचा आरंभ रचणे नारळीकरांना मान्य नव्हते. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी स्थिर स्थितीचे सुधारलेले रूप मांडले ते याच भूमिकेतून, आणि मे २०२५ मध्ये निधन होईपर्यंत महास्फोटाच्या सिद्धांताकडे त्यांनी साशंकतेनेच पाहिले. प्रारणाच्या नमुन्यापुढे त्यांचा पर्यायी सिद्धांत टिकला नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. आक्षेपाची धार मात्र बोथट झालेली नाही. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्स कण जाहीर केला तेव्हा मूलभूत अदिश क्षेत्रे निसर्गात असतात एवढे सिद्ध झाले. स्फीती घडवणारे क्षेत्र तेच की दुसरे, हे त्यातून कळले नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप दुर्बिणीने स्फीतीत उठलेल्या आद्य गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. वर्षभरात प्लँकच्या सहकार्याने झालेल्या विश्लेषणात ती बव्हंशी आपल्याच आकाशगंगेतली धूळ निघाली.

म्हणून निवाडा द्यायचा तो दोन खात्यांवर वेगळा द्यावा. दीर्घिकांची बीजे विश्वाच्या पहिल्या क्षणांत ताणल्या गेलेल्या चढउतारांतून आली, यावर शंका घेण्यास आज फारच थोडी जागा आहे. सरस्वतीची भिंत त्याच नमुन्याची वाढलेली आवृत्ती मानायला हरकत नाही. ते चढउतार कोणत्या क्षेत्राचे होते, हे खाते १९८२ च्या उन्हाळ्यात रिकामे झाले ते अजून भरलेले नाही. गंमत अशी की प्लँकच्या मोजमापांशी उत्तम जुळणाऱ्या प्रतिमानांत १९८० मधले स्टारोबिन्स्की यांचे प्रतिमान आहे, ज्यात अदिश क्षेत्र बाहेरून आणलेले नाही, ते गुरुत्वाच्या समीकरणांतच दडलेले निघते. स्टारोबिन्स्की डिसेंबर २०२३ मध्ये गेले. त्यांचा पुण्याशी संबंध जुना: आयुकातले वरुण साहनी यांच्याबरोबर त्यांनी २००० मध्ये विश्वाच्या आजच्या वाढत्या वेगाच्या प्रसरणावर लिहिलेला आढावा आजही वाचला जातो. त्यांचे प्रतिमान खरे असेल तर गुरुत्वीय लहरींचे घनतेच्या चढउतारांशी प्रमाण सुमारे ०.००३ निघायला हवे. दक्षिण ध्रुवावरच्या उपकरणांनी २०२१ मध्ये या प्रमाणावर घातलेली मर्यादा ०.०३६ ची आहे, म्हणजे त्याच्या दहापटीहून अधिक.